टेप ड्राइव्ह दिसतो, तरी बॅकअप मध्येच तुटतो: स्कझी बसमधला दोष कसा शोधावा

लक्षण ठरलेलं असतं. संध्याकाळी बॅकअप सुरू होतो, तास-दोन तास नीट चालतो आणि मग मध्येच आय/ओ एरर देऊन थांबतो. सकाळी सर्व्हर रीस्टार्ट केला की ड्राइव्ह पुन्हा दिसतो, छोटी टेस्टही पास होते. काही दिवस बरे जातात, की पुन्हा तेच. मग टेप बदलून बघतात, क्लीनिंग कार्ट्रिज घालतात आणि शेवटी ड्राइव्हलाच दोषी ठरवून दुसरा मागवतात. पैसे जातात, दोष जागच्या जागी राहतो. कारण अशा प्रकरणांत तो बऱ्याचदा ड्राइव्हमध्ये नसतोच. ड्राइव्ह आणि सर्व्हर यांच्या मधल्या दीड-दोन मीटरांत असतो.

खालचं सगळं मुख्यतः पॅरलल स्कझीवरच्या, म्हणजे एकाच सामायिक केबलवर (बसवर) अनेक डिव्हाइस जोडणाऱ्या जुन्या पद्धतीवरच्या, ड्राइव्हसाठी आहे: डीएलटी टेप आणि एलटीओ टेपच्या पहिल्या तीन पिढ्या. जुनं रेकॉर्ड वाचता येण्याची सोय ठेवावी लागते अशा कचेऱ्यांत हे ड्राइव्ह अजून चालू आहेत, आणि त्यांचे सुटे भाग आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालातच शोधावे लागतात. एसएएस, म्हणजे नव्या सिरियल स्कझीवरच्या ड्राइव्हना लागू पडणारं शेवटी थोडक्यात दिलं आहे.

ड्राइव्ह दिसतो म्हणजे नेमकं काय सिद्ध होतं?

फार कमी. होस्टला, म्हणजे सर्व्हरला, काही सांगायचं असेल तर आधी बस मोकळी असावी लागते. मग तो आर्बिट्रेशनमध्ये, म्हणजे बस कुणाला मिळणार या चढाओढीत, आपला आयडी पुढे करतो. अडॅप्टरचा, म्हणजे सर्व्हरमधल्या स्कझी कार्डाचा, आयडी बहुधा ७ असतो, म्हणजे सर्वांत वरचा मान. सिलेक्शनमध्ये ड्राइव्ह निवडला, आयडेंटिफाय मेसेज दिला, की पुढचा कारभार ड्राइव्हच्या हातात जातो. कमांड कधी घ्यायची, डेटा कधी मागायचा, स्टेटस कधी द्यायचं, हे टार्गेट, म्हणजे ड्राइव्ह, ठरवतं. लिहिताना ते रिक्वेस्टची लाइन हलवतं आणि होस्ट ॲकनॉलेजने उत्तर देत बाइट सोडत राहतो. रिवाइंड किंवा लोकेटसारखं लांब काम असेल तर ड्राइव्ह बस सोडून देतो आणि काम उरकल्यावर स्वतः आर्बिट्रेशन जिंकून होस्टला रीसिलेक्ट करतो.

यातली दोष शोधताना उपयोगी पडणारी गोष्ट अशी: कमांड, मेसेज आणि स्टेटस हे सावकाश, असिंक्रोनस पद्धतीने, आठ बिटांवरच जातात. स्कझीच्या अल्ट्रा३२० पिढीतल्या पॅकेट पद्धतीचा अपवाद सोडला तर वाटाघाटीत ठरलेला पूर्ण वेग आणि सोळा बिट वापरतो तो फक्त डेटा. ड्राइव्ह ओळखताना इन्क्वायरीच्या उत्तरात जेमतेम ३६ बाइट येतात, आणि पहिली इन्क्वायरी अनेक अडॅप्टर वेग ठरवण्याआधीच उरकून घेतात. म्हणजे स्कॅनमध्ये ड्राइव्हचं नाव, मॉडेल, फर्मवेअर सगळं स्वच्छ दिसेल आणि तरी त्याच केबलवरून ८० एमबी प्रतिसेकंद वेगाने डेटा जाताना बिट बदलत असतील. ‘डिटेक्ट होतोय, म्हणजे केबल चांगली आहे’ हा निष्कर्ष इथेच चुकतो.

रीस्टार्टचा मोह आवरा

बॅकअप तुटल्यावर पहिलं काम म्हणजे लॉग काढणं. रीस्टार्ट केलात की ड्राइव्हने जे सांगायचं होतं त्यातलं निम्मं गेलं. लिनक्सवर कर्नलचा लॉग वेळेसकट जतन करा. विंडोजवर सिस्टम लॉगमधले ९, ११, १५ आणि १२९ क्रमांकाचे इव्हेंट बघा: ९ म्हणजे डिव्हाइसने वेळेत उत्तर दिलं नाही, ११ म्हणजे कंट्रोलरची चूक, १५ म्हणजे डिव्हाइस तयार नाही, १२९ म्हणजे रीसेट पाठवला गेला. मग ड्राइव्हचं टेपअलर्ट पान, म्हणजे लॉग सेन्स कमांडचं २ई क्रमांकाचं पान, एकदाच वाचून फाइलमध्ये ठेवा. एकदाच का, तर वाचल्याबरोबर त्यातले झेंडे पुसले जातात. मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर ते आधीच वाचून गेलं असेल तर तुमच्या हाती कोरं पान येईल, त्यामुळे त्या सॉफ्टवेअरचाही लॉग बघा. झेंडा २० म्हणजे ‘आत्ता साफ करा’, ४ म्हणजे टेपच्या दर्जाबद्दल शंका, आणि ३२ म्हणजे ड्राइव्ह स्वतःच इंटरफेसबद्दल तक्रार करतोय. ३२ दिसला तर क्लीनिंग कार्ट्रिजला हात लावू नका. त्याचे वापर मोजके असतात, ते फुकट जातील.

आता सेन्स डेटा. ड्राइव्हने चेक कंडिशन, म्हणजे ०२ हे स्टेटस दिलं की होस्ट त्याला कारण विचारतो आणि ड्राइव्ह साधारण १८ बाइटांचं उत्तर देतो. लॉगमध्ये ते हेक्स आकड्यांत असं दिसतं:

कमांड: ०ए ०० ०१ ०० ०० ००
सेन्स: ७० ०० ०बी ०० ०० ०० ०० ०ए ०० ०० ०० ०० ४७ ०० ०० ०० ०० ००

कमांडमधला पहिला बाइट ०ए, म्हणजे राइट. दुसऱ्या बाइटातला शेवटचा बिट शून्य, म्हणजे ब्लॉकची लांबी व्हेरिएबल, बदलती, आहे. पुढचे तीन बाइट ०१ ०० ००, म्हणजे ६५,५३६ बाइट, एक ६४ केबीचा ब्लॉक. सेन्समध्ये शून्यापासून मोजत दुसरा बाइट बघायचा: ०बी. त्यातला खालचा अर्धा भाग ही सेन्स की. बी म्हणजे अबॉर्टेड कमांड. मग बारावा आणि तेरावा: ४७ ००, म्हणजे स्कझी पॅरिटी एरर. थोडक्यात, ड्राइव्ह म्हणतोय, ‘तुझ्याकडून आलेला डेटा वाटेतच बिघडला होता, म्हणून मी कमांड सोडली.’ टेपचा यात काही संबंध नाही.

या तीन बाइटांवरूनच पुढची दिशा ठरते. सेन्स की ३ आणि सोबत ०सी/०० किंवा ११/०० असेल तर टेप किंवा हेड. तिथे साफसफाई आणि दुसरी टेप हाच रस्ता. की ४ म्हणजे हार्डवेअर, तिथे ड्राइव्हवर संशय घ्यायला हरकत नाही. की बी सोबत ४७, ४८, ४३, ४५ किंवा ४बी यांपैकी काही असेल तर बस. की ५ म्हणजे सॉफ्टवेअरने ड्राइव्हला न समजणारं काहीतरी मागितलंय; ड्रायव्हर किंवा ब्लॉक साइज बघा.

की ६, युनिट अटेन्शन, जरा सविस्तर बघायला हवी. २८/०० म्हणजे टेप घातली, त्यात काही वावगं नाही. पण बॅकअप चालू असताना २९ आलं तर कुणीतरी रीसेट केलेलं आहे, आणि दुसरा आकडा कुणी ते सांगतो: २९/०१ म्हणजे ड्राइव्हची वीज जाऊन आली, २९/०२ म्हणजे बस रीसेट झाली, २९/०३ म्हणजे होस्टने या एकाच डिव्हाइसला रीसेट पाठवला, २९/०४ म्हणजे ड्राइव्ह आतूनच रीसेट झाला. काही ड्राइव्ह सगळ्यालाच २९/०० म्हणतात, तेव्हा वेळा जुळवून बघण्यावाचून गत्यंतर नाही.

२९/०१ दिसलं की केबलकडे नंतर वळा, आधी वीज बघा. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय आणि यूपीएस, पण बाहेरच्या ड्राइव्हचा प्लग मात्र टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डात, हे दृश्य फोर्टातल्या जुन्या इमारतींत हमखास सापडतं. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना किंवा जनरेटरवर बदली होताना आलेला क्षणभराचा झोल सर्व्हरला कळतही नाही, ड्राइव्ह मात्र रीसेट होतो. दोघांना एकाच यूपीएसवर आणा. दोन वेगवेगळ्या यूपीएसवर किंवा वेगळ्या फेजवर असतील तर न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मीटरने मोजा. तो २ व्होल्टच्या वर रेंगाळत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. स्कझी केबलचं शील्ड दोन्ही कॅबिनेटना जोडलेलं असतं, आणि अर्थमधला फरक त्या शील्डमधून वाहू लागतो.

रीसेट झाल्यावर टेपची जागा हरवते, हेही ध्यानात असू द्या. लिनक्सचा टेपसाठीचा एसटी ड्रायव्हर अशा वेळी मुद्दाम प्रत्येक रीड-राइटला एरर देतो, जोवर तुम्ही रिवाइंड करत नाही किंवा जागा नव्याने ठरवत नाही. हा त्रास नाही, संरक्षण आहे. नाहीतर पुढचा ब्लॉक टेपच्या सुरुवातीलाच लिहिला गेला असता.

लॉगमध्ये सेन्स नाहीच, नुसता टाइमआउट

कमांड गेली, उत्तर आलं नाही, होस्टने आधी अबॉर्ट पाठवला, मग डिव्हाइस रीसेट, मग बस रीसेट: हा क्रम दिसला तर कमांड निघाल्यापासून अबॉर्टपर्यंत किती वेळ गेला ते मोजा. दर वेळी तोच गोल आकडा येत असेल तर कुणाची तरी मुदत कमी पडतेय. एसटी ड्रायव्हर साध्या कामाला ९०० सेकंद आणि लांब कामाला १४,००० सेकंद देतो, ते पुरेसे असतात. पण काही बॅकअप सॉफ्टवेअर स्वतःची छोटी मुदत लावतात. एलटीओ-३ ची टेप ६८० मीटर लांब असते; एका टोकाहून दुसऱ्या टोकाला लोकेट करायला काही मिनिटं जाऊ शकतात.

वेळ दर वेळी वेगळी येत असेल तर त्याच बसवर आणखी कोण आहे ते बघा. डिस्कने दम टाकला आणि होस्टने बस रीसेट केली तर निष्पाप टेपचाही बॅकअप जातो. टेपला वेगळा चॅनेल द्या. ते शक्यच नसेल तर निदान टेपचा आयडी डिस्कपेक्षा वरचा ठेवा, म्हणजे रीसिलेक्टसाठी त्याला ताटकळावं लागणार नाही. वाइड बसवर मानाचा क्रम ७ ते ०, मग १५ ते ८ असा असतो. १५ ला सर्वांत वरचा समजण्याची चूक सर्रास होते.

टर्मिनेटर: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा दोषी

नियम सोपा आहे. बसच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन, म्हणजे सिग्नल टोकावरून उलटा फिरू न देणारा टर्मिनेटर, हवं, मध्ये कुठेही नको. फक्त बाहेरचा ड्राइव्ह असेल तर एक टोक अडॅप्टर आणि दुसरं ड्राइव्हच्या मागचं रिकामं सॉकेट. अडॅप्टरच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे एकाच चॅनेलवर डिव्हाइस असतील तर अडॅप्टर मध्ये येतो, त्याचं टर्मिनेशन बंद हवं. सेटिंग ‘ऑटो’वर असलं तरी बायोसमध्ये जाऊन खात्री करा, ॲडाप्टेकवर कंट्रोल-ए आणि एलएसआयवर कंट्रोल-सी दाबून. एलव्हीडी (कमी व्होल्टेजवर, दर सिग्नलला तारांची जोडी वापरणाऱ्या) ड्राइव्हच्या आत बहुतेक टर्मिनेटर नसतोच, त्यामुळे आतल्या ड्राइव्हलाही केबलच्या टोकाचा टर्मिनेटर लागतो. आणि केबलचं शेवटचं कनेक्टर रिकामं लोंबकळत ठेवून ड्राइव्ह मधल्या कनेक्टरवर लावू नका.

खरा घोळ प्रकारांचा आहे. ६८ पिनांचा टर्मिनेटर बाहेरून सारखाच दिसतो, पण आत तीन वेगळ्या जाती असतात: सिंगल-एंडेड (एसई, जुनी, जोडी न वापरणारी पद्धत), एलव्हीडी आणि एचव्हीडी (जास्त व्होल्टेजची जोडतारांची पद्धत). जुन्या मालाच्या दुकानात एका खोक्यातून तिन्ही निघतात. समजा, एलव्हीडी ड्राइव्ह ४ मीटर केबलवर गुण्यागोविंदाने चालला होता. एलव्हीडीला १२ मीटरपर्यंत मुभा असते. टर्मिनेटर हरवला म्हणून कुणीतरी सिंगल-एंडेड आणून लावला. तो डिफसेन्सची, म्हणजे बस कोणत्या पद्धतीत आहे ते सांगणारी, लाइन जमिनीला जोडतो, आणि बसवरचे सगळेच मुकाट्याने सिंगल-एंडेड पद्धतीवर उतरतात. वेग ४० एमबीवर येतो, आणि त्या वेगाला सिंगल-एंडेड केबलची मर्यादा जास्तीत जास्त ३ मीटर, चाराहून अधिक डिव्हाइस असतील तर दीडच. ४ मीटरची केबल आता नियमाबाहेर गेली. ड्राइव्ह दिसतो, लहान फाइल जाते, मोठा बॅकअप तुटतो. एचव्हीडीचा टर्मिनेटर लावला तर बस चालतच नाही, निदान फसवणूक तरी होत नाही.

म्हणून घेताना टर्मिनेटरवरचा स्कझीचा चौकट-चिन्हाचा शिक्का वाचा: ‘एलव्हीडी’ किंवा ‘एलव्हीडी/एसई’ असंच लिहिलेलं हवं. नुसतं ‘एसई’, ‘डिफ’ किंवा ‘एचव्हीडी’ असेल तर परत ठेवा. काहीच छापलेलं नसेल तरीही. लावल्यावर कर्नलचा लॉग किंवा अडॅप्टरचं बायोस बस कोणत्या पद्धतीत आणि किती वेगावर आहे ते दाखवतं. अल्ट्रा१६० चा ड्राइव्ह ४० वर अडकलेला दिसला की पुढे शोधायची गरज नाही. मीटरने खात्री करायची असेल तर आतल्या रिबन केबलच्या मोकळ्या कनेक्टरवर १६ नंबरची पिन डिफसेन्सची: ०.५ व्होल्टच्या खाली म्हणजे सिंगल-एंडेड, ०.७ ते १.९ म्हणजे एलव्हीडी, २.४ च्या वर म्हणजे एचव्हीडी. १७, १८, ५१ आणि ५२ या टर्मपॉवरच्या, म्हणजे टर्मिनेटरला वीज देणाऱ्या, पिना, तिथे ५ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. शून्य असेल तर अडॅप्टरवरचा फ्यूज गेलाय. मीटरचं टोक दोन पिनांवर एकदम टेकलं तर तोच फ्यूज आत्ता जाईल, तेव्हा हात स्थिर ठेवा.

केबल काढून पुन्हा लावली आणि चाललं

हे निदान आहे, दुरुस्ती नव्हे. मुंबईची खारी, दमट हवा कनेक्टरच्या पिनांवर बारीक थर चढवते. केबल काढून घालताना पिना घासल्या जातात, थर तेवढ्यापुरता निघतो आणि काही आठवडे सुखाचे जातात. दोष पुन्हा पुन्हा का येतो याचं उत्तर बहुतेकदा इथे आहे. रात्री एसी बंद करणाऱ्या ऑफिसात जून ते सप्टेंबर हे जास्त जाणवतं. दोन्ही मशीन बंद करून केबल काढा, टॉर्च मारून वाकलेली किंवा आत गेलेली पिन बघा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा, पूर्ण वाळू द्या. सँडपेपर लावू नका. सोन्याचा मुलामा गेला की कनेक्टर कायमचा गेला. परत लावताना दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने घट्ट करा. एका बाजूच्या स्क्रूवर लटकलेलं कनेक्टर हे गूढ दोषांचं आवडतं ठिकाण आहे.

दमटपणामुळे टेपलाही त्रास होतो, पण तो वेगळा दिसतो. पावसाळ्यात शहरातला दवबिंदू २४ अंशांच्या आसपास असतो. १८-२० अंशांच्या व्हॉल्टमधून काढलेलं कार्ट्रिज उघड्यावर आणलं की त्यावर बाष्प धरतं. तेव्हा सेन्स की ३ येते, बी नाही. टेप बंद खोक्यातच आणा आणि सर्व्हर रूममध्ये २४ तास राहू द्या.

खात्रीची टेस्ट

बस शक्य तितकी लहान करा: एक अडॅप्टर, एक मीटरभर चांगली केबल, ड्राइव्ह, टर्मिनेटर. बाकी सगळं काढा. टेस्टसाठी शून्यांनी भरलेला डेटा वापरू नका. शून्य लिहिताना डेटाच्या लाइन हलतच नाहीत, त्यामुळे शेजारच्या तारेतला हस्तक्षेप कधी दिसणार नाही. आधी डिस्कवर रँडम डेटाची २० जीबीची फाइल बनवून घ्या; रँडम डेटा तयार करत थेट टेपवर लिहिलंत तर प्रोसेसर मागे पडेल आणि टेप थांबत-थांबत चालेल. मग कोऱ्या टेपवर २५६ केबीच्या ब्लॉकने तीच फाइल पाच वेळा, एकामागून एक लिहा. ४० एमबीच्या वेगाला १०० जीबीला पाऊण तासाच्या आत-बाहेर लागेल. इथे एनएसटी० हे डिव्हाइस वापरा, एसटी० नव्हे. एसटी० बंद होताना दर वेळी रिवाइंड करतं आणि दुसरी फाइल पहिलीवरच लिहिली जाईल. मॉनिटरिंगच्या स्क्रिप्टमध्ये टेपच्या एमटी कमांडने स्टेटस एसटी० वर विचारलं जात असेल तर तेही आजच बदला. दोन जॉबच्या मधल्या वेळेत ती स्क्रिप्ट चालली तर टेप मागे जाते आणि पुढचा जॉब आधीचा बॅकअप पुसतो. यात कोणतीच एरर येत नाही.

लिहून झालं की रिवाइंड करून सगळं परत वाचा आणि प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम मूळ फाइलशी ताडून बघा. वाचतानाही २५६ केबीच द्या. कमी दिलंत तर ब्लॉक बफरमध्ये मावत नाही आणि लिनक्स ‘मेमरी मिळाली नाही’ असा दिशाभूल करणारा निरोप देतो. ‘एलटीओ लिहिता लिहिता स्वतःच तपासतो की’ असं कुणी म्हणेल. खरंय, पण तो तपासतो ते त्याच्यापर्यंत पोहोचलेलं. जुन्या पद्धतीत दर बाइटला एकच पॅरिटी बिट असतो; एका बाइटातले दोन बिट एकदम उलटले तर पॅरिटी जुळते आणि चुकीचा डेटा ड्राइव्ह इमानेइतबारे लिहून, तपासून ठेवतो. अल्ट्रा१६० पासून डेटाला सीआरसी, म्हणजे पॅरिटीपेक्षा पक्की तपासणी, आली, पण बस सिंगल-एंडेडवर घसरली असेल तर ती वापरलीच जात नाही.

टेस्ट तुटली तर बायोसमध्ये त्या आयडीचा वेग निम्मा करून पुन्हा चालवा. कमी वेगाला पास झाली तर केबल, कनेक्टर किंवा टर्मिनेटर. तरीही तुटली तर अडॅप्टर बदलून बघा, आणि ड्राइव्हवर त्यानंतर या. वेग कमी करून तसंच चालू ठेवणं ही दुरुस्ती नाही. पिनांवरचा थर वाढतच असतो.

अडॅप्टर म्हणून रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड, वापरत असाल तर ही सगळी मेहनत थांबवा आणि साधा होस्ट अडॅप्टर आणा. बरीच रेड कार्डं टेपच्या कमांड पुढे जाऊच देत नाहीत किंवा अर्धवट देतात. एसएएस ड्राइव्हलाही हेच लागू. तिथे टर्मिनेटर आणि आयडीची कटकट नाही, पण कमांड आणि सेन्सची भाषा तीच आहे, त्यामुळे वरचे आकडे जसेच्या तसे वाचता येतात. दोष बहुधा मिनी-एसएएसची लॅच नीट न बसणं किंवा तीव्र वळणात दुमडलेली केबल.

दोष सापडून भाग बदलल्यावर एक काम उरतं, आणि ते नेमकं टाळलं जातं. लॉगमध्ये पहिलं ४७/०० किंवा २९/०२ ज्या तारखेला दिसतं, तिथपासूनच्या सगळ्या टेप बॅकअप सॉफ्टवेअरच्या व्हेरिफायने, मूळ डेटाशी किंवा कॅटलॉगमधल्या चेकसमशी ताडून, वाचून काढा. ‘यशस्वी’ नोंद असलेल्या टेपही यातून सुटत नाहीत. ज्या जुळणार नाहीत त्यांचा डेटा डिस्कवर अजून असेल तोवरच नव्या टेपवर लिहून घ्या.